शिक्षकांना शिकवतं कोण? प्रशिक्षण, 50 तास आणि अनुभवी शिक्षकांची भूमिका, समजून घ्या

शाळेला सुट्टी लागली की शिक्षकांनाही सुट्टी, असं अनेकांना वाटतं. पण जून उजाडायच्या आतच व्हॉट्सअॅप ग्रुपवर आदेश येतो. अमुक तारखेला तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षण, हजेरी अनिवार्य, येताना पाठ्यपुस्तक आणि मोबाइल आणावा. मग एका हॉलमध्ये साठ-सत्तर शिक्षक, समोर प्रोजेक्टर, आणि माइक हातात घेतलेला ‘सुलभक’. हा सुलभक बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या शाळेतला शिक्षकच असतो.

म्हणजे शिक्षकांना शिकवण्याचं काम बऱ्याच अंशी शिक्षकच करतात. भारतातल्या शालेय शिक्षकांची संख्या आता 1 कोटीच्या पुढे गेली आहे. एवढ्या लोकांना सतत नवीन काहीतरी शिकवत राहायचं, तर विद्यापीठातले प्राध्यापक आणि अधिकारी पुरे पडणं शक्यच नाही.

पण हे अनुभवी शिक्षक नेमका कसला सल्ला देतात? गणिताच्या शिक्षकाला जे लागतं तेच भाषेच्या शिक्षकाला लागतं का? आणि इतकी प्रशिक्षणं होऊनही वर्गात फरक का पडत नाही, ही तक्रार कुठून येते? एकेक करून पाहूया.

‘व्यावसायिक विकास’ म्हणजे नेमकं काय?

डी.एड. किंवा बी.एड. झालं, नोकरी लागली, म्हणजे शिक्षकाचं शिक्षण संपलं असं होत नाही. अभ्यासक्रम बदलतो, पाठ्यपुस्तकं बदलतात, मुलांच्या घरची भाषा आणि परिस्थिती वेगळी असते. नोकरीत असताना शिक्षकानं जे शिकायचं, त्याला ‘सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास’ असं म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सीपीडी’ म्हणायची पद्धत आहे.

जुलै 2020 मध्ये आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं यासाठी एक आकडा दिला. प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान 50 तास अशा शिक्षणासाठी द्यावेत, अशी अपेक्षा त्यात आहे. मुख्याध्यापकांसाठीही तेवढेच तास. सीबीएसई बोर्डानं आपल्या शाळांसाठी या तासांची विभागणी केली: 25 तास बोर्डाच्या किंवा सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणातून आणि 25 तास शाळेतच किंवा शेजारच्या शाळांबरोबर मिळून.

धोरणातला एक मुद्दा मात्र 50 च्या आकड्याखाली झाकला जातो. हे शिक्षण शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार आणि गरजेनुसार असावं, असंही त्यात म्हटलं आहे. प्रत्यक्षात काय शिकायचं ते बहुतेक वेळा वरून ठरून येतं.

महाराष्ट्रात ही यंत्रणा कशी चालते?

सगळ्यात वर पुण्यातली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, म्हणजे एससीईआरटी. तिच्याखाली जिल्ह्याजिल्ह्यात ‘डाएट’, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर डाएट उभ्या राहिल्या. तालुक्याला गटसाधन केंद्र असतं, तिथे विषयतज्ज्ञ किंवा साधनव्यक्ती काम करतात. आणि सगळ्यात खाली ‘केंद्र’, म्हणजे साधारण दहा-पंधरा शाळांचा गट. त्याचा प्रमुख तो केंद्रप्रमुख.

याच केंद्रात ‘शिक्षण परिषद’ भरते. एखाद्या शाळेत त्या केंद्रातले सगळे शिक्षक जमतात, एखादा आदर्श पाठ होतो, कोणी आपला उपक्रम सांगतो, सूचना दिल्या जातात, चहा होतो. कागदावर पाहिलं तर यापेक्षा चांगली व्यवस्था सापडणार नाही. शेजारच्या शाळेतला, सारख्याच परिस्थितीत काम करणारा अनुभवी शिक्षक आपल्याला काहीतरी दाखवतोय, आपण त्याला प्रश्न विचारतोय. पण परिषदेचा अर्धा वेळ माहिती भरणं, लिंक, नोंदणी आणि आदेश वाचण्यात गेला, तर शिकण्याचा भाग शेवटच्या वीस मिनिटांत उरकला जातो. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांची घोषणा याच कंटाळ्यातून आली आहे.

याशिवाय ऑनलाइन मार्ग आहे. केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झालं. ‘निष्ठा’ हा शिक्षक प्रशिक्षणाचा देशव्यापी कार्यक्रम ऑगस्ट 2019 मध्ये सुरू झाला, त्याचं लक्ष्य होतं प्राथमिक स्तरावरचे सुमारे 42 लाख शिक्षक. कोविडमध्ये तो ‘दीक्षा’वर गेला. फायदा असा की गडचिरोलीतल्या दुर्गम शाळेतल्या शिक्षकालाही तोच व्हिडिओ मिळतो. तोटाही तिथेच आहे: व्हिडिओ चालू ठेवून दुसरं काम करता येतं आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतंच.

प्रशिक्षण वरून खाली येताना वाटेत काय होतं?

मोठ्या प्रशिक्षणांसाठी वापरली जाणारी पद्धत म्हणजे ‘कॅस्केड’, सोप्या भाषेत पायऱ्यापायऱ्यांचा धबधबा. राज्य पातळीवर काही जणांना आधी शिकवलं जातं. ते जिल्ह्यातल्यांना शिकवतात, जिल्ह्यातले तालुक्याला, आणि तालुक्याचे सुलभक बाकी सगळ्या शिक्षकांना.

थोड्या दिवसांत हजारो लोकांपर्यंत पोहोचायला ही पद्धत स्वस्त पडते. पण प्रत्येक पायरीवर काहीतरी सांडतं. राज्य पातळीवर पाच दिवस चाललेली चर्चा तालुक्याला येईपर्यंत दोन दिवसांची होते. ज्यानं ती कल्पना स्वतःच्या वर्गात करून पाहिलेलीच नाही, असा सुलभक मग पीपीटी वाचून दाखवतो. आणि समोरून प्रश्न आला की ‘तो मुद्दा पुढे येणार आहे’ असं सांगून वेळ मारून नेतो.

ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी 1980 मध्येच याची फोड केली होती. प्रशिक्षणाचे पाच भाग त्यांनी सांगितले: कल्पना समजावणं, ती करून दाखवणं, शिक्षकाकडून सराव करून घेणं, त्यावर अभिप्राय देणं, आणि नंतर प्रत्यक्ष वर्गात सोबत राहून मदत करणं. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या चार भागांतून कौशल्य कळतं, पण रोजच्या वर्गात उतरण्यासाठी पाचवा भाग लागतो. आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणं पहिल्या दोन भागांवर थांबतात. पाचव्यासाठी कोणीतरी शाळेत यावं लागतं, आणि अनुभवी शिक्षकाची खरी गरज तिथेच असते.

विषय येणं आणि विषय शिकवता येणं, यात फरक काय?

हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं 1986 मध्ये यासाठी एक संकल्पना मांडली. मराठीत तिला ‘विषय शिकवण्याचं ज्ञान’ म्हणता येईल. शुलमन यांचा मुद्दा असा: शिक्षकाला विषय माहीत असतो, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धतीही माहीत असतात. पण या दोन्हींच्या मध्ये तिसरं एक ज्ञान आहे. या विषयात मुलं नेमकी कुठे अडतात, कोणता गैरसमज घेऊन येतात, आणि कोणतं उदाहरण दिलं की गाठ सुटते, हे माहीत असणं.

महाराष्ट्रात यावर मोठा वाद झालेला आहे, फक्त तेव्हा कोणी हे नाव वापरलं नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी पद्धत आली. ‘बावीस’बरोबर ‘वीस दोन’, ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’. सोशल मीडियावर विनोदांचा पाऊस पडला, प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना पुन्हा पुन्हा बाजू मांडावी लागली.

बदलामागचं कारण साधं होतं. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतो आणि साठ नंतर. लिहिताना मात्र 6 आधी आणि 3 नंतर. त्यामुळे ‘त्रेसष्ट’ ऐकून मूल 36 लिहितं. वर आणखी जोडाक्षरांचा त्रास. ही पद्धत आवडो न आवडो, पण मूल 36 का लिहितं हे माहीत असणं हे शुलमन म्हणतात त्या ज्ञानाचं उत्तम उदाहरण आहे. ज्याला हे माहीत नाही, तो शिक्षक त्या मुलाला ‘लक्ष दे’ म्हणेल. ज्याला माहीत आहे, तो दहाच्या जुड्या आणि सुट्या काड्या हातात देईल.

म्हणूनच सगळ्या विषयांच्या शिक्षकांना एकत्र बसवून ‘आनंददायी शिक्षण’ या विषयावर तीन तास बोललं की पुरत नाही. प्रत्येक विषयाच्या अडचणी वेगळ्या असतात आणि त्यावरचा सल्लाही वेगळाच असावा लागतो.

विषयानुसार अनुभवी शिक्षकाचा उपयोग कुठे होतो?

गणित: इथे चुकीचं उत्तर हीच सगळ्यात मोठी माहिती. समजा, मुलानं 42 मधून 17 वजा करून 35 उत्तर काढलं. हे अंदाजे लिहिलेलं उत्तर नाही. त्यानं एकक स्थानी 7 मधून 2 वजा केले आणि दशक स्थानी 4 मधून 1, म्हणजे दोन्हीकडे मोठ्यातून लहान अंक. त्याचा एक नियम आहे, फक्त तो चुकीचा आहे. अपूर्णांकातही तसंच. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश याचं उत्तर मूल ‘दोन सप्तमांश’ देतं. अनुभवी शिक्षक तिथे रीत सांगायला धावत नाही. तो विचारतो, ‘अरे, बेरीज केलीस आणि उत्तर एक तृतीयांशापेक्षाही लहान आलं, असं कसं?’ नव्या शिक्षकाला वह्या तपासताना बरोबर-चूक खुणा करण्याऐवजी चुकांचे गट पाडायला शिकवणं, हे गणितातल्या मार्गदर्शनाचं पहिलं काम.

मराठी: वाचन शिकवताना सगळी अक्षरं सारखी अवघड नसतात. एकटा ‘र’ घ्या. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर जातो, ‘चक्र’मध्ये खाली तिरका होतो, ‘ट्रक’मध्ये वेगळाच दिसतो आणि ‘दऱ्या’मध्ये आणखी निराळा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यात अर्थ पार बदलतो. हे सगळं एका तासात फळ्यावर लिहून भागत नाही. ते कुठल्या क्रमानं आणि किती दिवसांच्या अंतरानं घ्यायचं, हे वर्षानुवर्षं पहिली-दुसरी सांभाळलेल्या बाईंना पाठ असतं. दुसरा प्रश्न घरच्या भाषेचा. मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये पावरी किंवा भिली, पालघरमध्ये वारली बोलणारं मूल शाळेत येतं, तेव्हा प्रमाण मराठी त्याच्यासाठी जवळपास दुसरी भाषा असते. त्याच्या न बोलण्याला ‘मठ्ठपणा’ समजायचं नाही, हे नव्या शिक्षकाला पहिल्या महिन्यातच कोणीतरी सांगावं लागतं.

विज्ञान: इथे मुलं मोकळी पाटी घेऊन येत नाहीत, ठाम समजुती घेऊन येतात. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून उकडतं, ही त्यातली सगळ्यात चिवट समजूत, आणि ती मोठ्यांमध्येही असते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, जेव्हा आपल्याकडे लोक शेकोटी पेटवून बसलेले असतात. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे. शिक्षकाच्याच मनात ही समजूत असेल, तर चांगल्यात चांगलं पाठ्यपुस्तकही काही करू शकत नाही. म्हणून विज्ञानाच्या प्रशिक्षणात शिक्षकांनी स्वतः प्रयोग करून पाहणं, स्वतः चुकणं आणि ते बोलून दाखवणं महत्त्वाचं असतं.

इंग्रजी: महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. ते शिकवण्याची जबाबदारी पडली ती प्रामुख्यानं मराठी माध्यमात शिकलेल्या प्राथमिक शिक्षकांवर. इथला पहिला अडसर आत्मविश्वासाचा. चारचौघांत चुकीचं इंग्रजी बोलायची भीती शिक्षकालाही वाटते. ‘मी आंबा खातो’ या रचनेवरून मूल ‘आय मँगो ईट’ म्हणतं, ते मराठीचा नियम इंग्रजीला लावतं म्हणून, हे शिक्षकाला ओळखता यायला हवं. त्यासाठी व्याकरणाच्या व्याख्यानापेक्षा आठ-दहा शिक्षकांचा छोटा गट जास्त उपयोगी पडतो.

इतिहास-भूगोल: पाठांतराचा विषय म्हणून याची बदनामी आहे. गावात वीरगळ असते, जुनी बारव असते, ग्रामपंचायतीचे ठराव असतात, घरात सातबारा असतो. या गोष्टी पुरावा म्हणून कशा वाचायच्या आणि मुलांना प्रश्न कसे विचारायला लावायचे, हे करून पाहिलेला शिक्षक दुसऱ्याला अर्ध्या दिवसात दाखवू शकतो.

यात एक मोठी अडचण आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा असे विषयवार शिक्षक हवेत. पण पहिली ते पाचवीला बहुतेक ठिकाणी एकच शिक्षक सगळे विषय शिकवतो, आणि द्विशिक्षकी शाळेत तर एकाच वेळी दोन-तीन इयत्ता. देशात 1 लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकी आहेत. अशा शिक्षकाला ‘तुमच्या शाळेतल्या अनुभवी सहकाऱ्याला विचारा’ असं सांगणं म्हणजे थट्टाच. त्याच्यासाठी केंद्र हीच त्याची स्टाफरूम.

मार्गदर्शक आणि साहेब, यांतला फरक

जुन्या मराठी लेखनात शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरला ‘दिपोटी’ म्हणत. दिपोटी येणार म्हटलं की मास्तर आणि पोरं दोघंही घाबरलेले. शब्द गेला, भीती पूर्ण गेलेली नाही. वर्गात कोणी बाहेरचं आलं की शिक्षकाला वाटतं, हे आपल्या चुका शोधायला आले. मग तो आधीच घोटून घेतलेला पाठ घेतो, हुशार मुलांनाच प्रश्न विचारतो. येणारा खूश, शेरेबुकात छान शेरा, आणि खरी अडचण झाकलेलीच.

केंद्रप्रमुखाची अडचण इथेच आहे. त्यानं तपासणीही करायची आणि मार्गदर्शनही. आज ज्याच्याकडे आपण कच्चेपणा कबूल करू, तोच उद्या अहवाल लिहिणार असेल, तर कोण कबूल करेल?

म्हणून मार्गदर्शक हा अधिकारी नसावा, अनुभवी सहकारी असावा, हा विचार पुढे आला. ‘नॅशनल मिशन फॉर मेंटॉरिंग’ ही योजना त्यातूनच आली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं तिचा आराखडा बनवला आणि केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या काही शाळांमध्ये 2022 मध्ये तिचा प्रायोगिक टप्पा सुरू झाला. अनुभवी शिक्षकांनी आणि इतर जाणकारांनी दुसऱ्या शिक्षकांना सल्ला द्यायचा, मूल्यमापन करायचं नाही, हे तिचं सूत्र.

हे कुठे जमलं आहे?

होशंगाबाद, मध्य प्रदेश: 1972 मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 सरकारी शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यात होते. पुढे 1978 मध्ये तो पूर्ण जिल्ह्यात गेला आणि 1982 पासून ‘एकलव्य’ संस्थेनं तो सांभाळला. उन्हाळी प्रशिक्षणानंतर शिक्षकांना वाऱ्यावर सोडलं जात नसे. दर महिन्याला त्यांची बैठक होई. वर्गात कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, यावर चर्चा होई. त्यातलेच तयार शिक्षक पुढे इतरांना शिकवणारे ‘स्रोत शिक्षक’ झाले. ‘बाल वैज्ञानिक’ ही त्यांची पुस्तकंही शिक्षकांच्या अनुभवावरून बदलली गेली. 2002 मध्ये राज्य सरकारनं कार्यक्रम बंद केला. या कार्यक्रमाचा धागा पुण्याशीही जोडलेला आहे. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता 1978 मध्ये पुण्यातल्या टेल्कोतून रजा घेऊन तिथेच गेले होते.

जपान: तिथे ‘जुग्यो केंक्यू’ नावाची पद्धत आहे, म्हणजे पाठाचा अभ्यास. काही शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात. एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मागे उभे राहून बघतात. पण ते शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघतात. कोण कुठे अडलं, कोणी काय लिहून खोडलं. नंतर चर्चा होते आणि पाठ सुधारला जातो. पाठ सगळ्यांनी मिळून बनवलेला असल्यामुळे तो फसला तरी एका शिक्षकाची नाचक्की होत नाही.

महाराष्ट्र: इंग्रजीसाठी राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी ‘तेजस’ हा उपक्रम राबवला. त्यात जवळपासच्या शिक्षकांचे छोटे गट नियमितपणे भेटत आणि गट चालवणारेही शिक्षकच असत. त्याआधी सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट ज्ञानरचनावादी शाळांसाठी गाजलं. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयाच्या काळात राज्यभरातले शिक्षक गाड्या करून तिथल्या शाळा बघायला जात होते.

कुमठ्यातून एक धडाही मिळाला. बघून आलेल्या अनेक शाळांनी फरशीवर रंगीत तक्ते आणि आकृत्या काढल्या. त्या आकृत्यांवर मुलं काय करतात आणि शिक्षक मध्ये का बोलत नाही, हे सगळ्यांनी उचललं नाही. जे डोळ्यांना दिसतं त्याची नक्कल लवकर होते. त्यामागचा विचार समजायला त्या शिक्षकांबरोबर बसून बोलावं लागतं.

प्रत्येक अनुभवी शिक्षक चांगला मार्गदर्शक होतो का?

नाही. वीस वर्षांचा अनुभव आणि एकाच वर्षाचा अनुभव वीस वेळा, यात फरक आहे. मुलांच्या वह्या बघून दरवर्षी आपली पद्धत थोडी बदलणारा शिक्षक पहिल्या प्रकारातला. तीच टाचणवही तारीख बदलून वापरणारा दुसऱ्या.

शिवाय ज्याला एखादी गोष्ट सहज जमते, त्याला ती कशी जमते हे सांगता येईलच असं नाही. वर्ग शांत कसा केलात, असं विचारलं तर अनेक उत्तम शिक्षक म्हणतात, ‘काही नाही, आपोआप होतं.’ नव्या शिक्षकाला या उत्तराचा शून्य उपयोग. चांगल्या मार्गदर्शकाला आपलीच सवय तोडून तिच्या पायऱ्या सांगता याव्या लागतात. आणि ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य गिळता यावं लागतं.

नव्यांकडून शिकायची तयारीही हवी. सोलापूर जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, त्यात पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरण्याच्या कामाचा मोठा वाटा होता. तेव्हा ते जेमतेम तिशी ओलांडलेले होते.

मग अनुभवी शिक्षकांना टीईटी का द्यावी लागतेय?

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं एक महत्त्वाचा निकाल दिला. ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, नाहीतर नोकरीवर गदा येईल. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरली आहे त्यांना नोकरीत राहता येईल, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा द्यावीच लागेल. महाराष्ट्रात पहिली टीईटी 2013 मध्ये झाली. म्हणजे त्याआधी रीतसर भरती झालेले हजारो शिक्षक अचानक परीक्षार्थी झाले.

त्यांची बाजू अशी की नोकरीला लागताना ही अटच नव्हती. दुसरी बाजू अशी की मुलांना पात्र शिक्षक मिळणं हा त्यांचा हक्क आहे. दोन्ही बाजूंना वजन आहे. पण या लेखाच्या विषयापुरतं एक सांगता येतं. टीईटी 150 गुणांची बहुपर्यायी परीक्षा आहे. त्यातून विषयाचं आणि बालमानसशास्त्राचं ज्ञान काही प्रमाणात तपासता येतं. मूल 36 का लिहितं हे ओळखून पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं, हे त्यातून तपासता येत नाही. त्यामुळे परीक्षा झाली म्हणून मार्गदर्शनाची गरज संपत नाही.

पगाराचाही संबंध आहे. 12 वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतर निवड श्रेणी मिळण्यासाठी प्रशिक्षण ही अट असते. ती अट चुकीची नाही. पण प्रशिक्षणाचा अर्थ ‘वेतनवाढीचं प्रमाणपत्र’ एवढाच उरला, की शिकणं मागे पडतं.

चांगलं प्रशिक्षण कसं ओळखायचं?

तुम्ही शिक्षक असाल, तर कोणतंही प्रशिक्षण संपल्यावर हे पाच प्रश्न विचारून बघा:

- हे माझ्या विषयातल्या आणि इयत्तेतल्या एखाद्या ठरावीक अडचणीबद्दल होतं का?
- सांगणाऱ्यानं ते स्वतःच्या वर्गात केलेलं होतं का, आणि काय फसलं तेही सांगितलं का?
- मला तिथेच करून बघायला मिळालं का?
- मुलांच्या खऱ्या वह्या, खरी उत्तरं समोर ठेवली होती का?
- महिन्याभरानं ‘काय झालं?’ असं विचारायला कोणी येणार आहे का?

पाचपैकी तीन उत्तरं ‘हो’ आली तरी ते प्रशिक्षण बऱ्यापैकी चांगलं समजायला हरकत नाही.

प्रशिक्षणाची वाट न बघता करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. आपल्याच केंद्रातल्या, आपलाच विषय शिकवणाऱ्या दोन शिक्षकांना गाठायचं. महिन्यातून एकदा प्रत्येकानं पाच मुलांच्या वह्यांचे फोटो आणायचे आणि तासभर फक्त चुकांवर बोलायचं. याला खर्च नाही आणि परवानगीही लागत नाही.

आणि तुम्ही पालक असाल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत रंगरंगोटी आणि पोषण आहाराबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: ‘यंदा आपल्या शाळेतले शिक्षक काय नवीन शिकले, आणि त्यासाठी त्यांना वेळ मिळाला का?’ या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. सर्वेक्षण, निवडणूक आणि ऑनलाइन माहितीच्या कामात शिक्षकाचा दिवस संपत असेल, तर धोरणात लिहिलेले 50 तास कुठून काढायचे, याचं उत्तर शिक्षकानं एकट्यानं देण्यासारखं नाही.